खिडक्यांची बिऱ्हाडं

चाळीतली दहा बाय बाराची खोली सकाळी स्वयंपाकघर असते, दुपारी दिवाणखाना, आणि रात्री गाद्या पडल्या की शेजघर. खोली तीच. काय मांडलंय आणि काय खाटेखाली सरकवलंय, एवढाच फरक. लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्याचीही तीच गत. एक्सेलची शीट, तिच्याखाली मेल, त्याखाली ब्राउझरच्या दोन विंडो, आणि सगळ्यात तळाशी पीडीएफ, जी प्रत्यक्षात दर दोन मिनिटांनी लागते. ऑल्ट-टॅब दाबत दाबत माणूस ती शोधतो आणि सापडेपर्यंत कशाला हवी होती ते विसरतो.

व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच पडद्यावर आळीपाळीने समोर आणायचे अनेक डेस्कटॉप, ही गाद्या गुंडाळून ठेवायची सोय. त्याने पडदा इंचभरही वाढत नाही, मेमरी वाचत नाही, संगणक वेगवान होत नाही. दिसेनासे झालेले प्रोग्रॅम मागे तसेच चालू असतात आणि तेवढीच रॅम खातात. वाढते ती फक्त नजरेआडची जागा.

कल्पना जुनी आहे. १९८६ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी अशी एक व्यवस्था मांडली आणि तिचं नावच ठेवलं ‘रूम्स’. माणूस विंडो सुट्या सुट्या वापरत नाही, एकेका कामाचा चार-पाच विंडोंचा घोळका असतो, हे त्यांनी हेरलं. छोट्या पडद्यावर दोन घोळके समोरासमोर आले की काम कमी आणि सरकवासरकवी जास्त. म्हणून प्रत्येक घोळक्याला वेगळी खोली, आणि एका खोलीतून दुसरीत जायला दारं. जी विंडो प्रत्येक खोलीत हवी, ती ‘खिशात’ टाकायची. नव्वदच्या दशकात युनिक्स-लिनक्सवाल्यांच्या हे अंगवळणी पडलं, मॅकवर ते २००७ साली ‘स्पेसेस’ या नावाने आलं. आणि विंडोज! जिच्या नावातच खिडक्या, तिला त्यांच्यासाठी अंगच्या खोल्या बांधायला विंडोज १०, म्हणजे २०१५ साल उजाडावं लागलं.

बहुतेकांच्या हातात विंडोजच असते, म्हणून तिथल्याच किल्ल्या सांगतो. विंडोज-की आणि कंट्रोल धरून डी दाबलं की नवा डेस्कटॉप. त्याच दोन किल्ल्या धरून डावा-उजवा बाण, की शेजारच्या खोलीत. तशीच एफ-४, की समोरचा डेस्कटॉप बंद. त्यातल्या विंडो मात्र मरत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर मुक्कामाला जातात. बोट घसरून ऑल्ट-एफ-४ झालं तर मात्र समोरची विंडोच जाते, तेव्हा ही किल्ली घाईत दाबायची नाही. विंडोज-की आणि टॅब दाबलं की सगळी चाळ एका नजरेत दिसते: विंडोंची छोटी चित्रं आणि डेस्कटॉपची रांग. चित्र उचलून हव्या त्या डेस्कटॉपवर सोडायचं, किंवा त्यावर राइट-क्लिक करून ‘मूव्ह टू’. हीच या व्यवस्थेची दुखरी नस. विंडो पलीकडच्या डेस्कटॉपवर ढकलायला विंडोजने तयार किल्लीच दिलेली नाही. लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉप-प्रणालीत सुपर (म्हणजे विंडोज-कीच), शिफ्ट आणि पेज-डाउन दाबलं की विंडो बखोटीला धरून आपण पुढच्या खोलीत. एवढ्या साध्या गोष्टीसाठी विंडोजवाल्यांनी माउस हुडकावा, हे अजून पचत नाही.

किती डेस्कटॉप? तीन, फार तर चार. विंडोजमध्ये ‘थेट पाचव्यावर ने’ अशी किल्ली नाही, एकेक बाण दाबत जावं लागतं. शेवटच्यावरून उजवीकडे गेलं तर फिरून पहिल्यावर येता येत नाही, तिथे भिंत लागते. पहिल्यावरून सहाव्यावर जायचं म्हणजे पाच टिचक्या, आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक खोलीत मन डोकावून येतं.

नवखे लोक हमखास चुकतात ते वाटपात. मेल एका डेस्कटॉपवर, ब्राउझर दुसऱ्यावर, वर्ड तिसऱ्यावर, अशी जातवार वस्ती वसवतात. मग एक पत्र लिहायला तिन्ही खोल्यांत येरझाऱ्या. घरात सगळी भांडी एका खोलीत आणि सगळं धान्य दुसऱ्या खोलीत ठेवलं तर स्वयंपाक व्हायचा कसा? वाटप कामावरून करायचं. जीएसटीचं रिटर्न असेल तर पोर्टलची विंडो, खरेदी-विक्रीची शीट आणि बिलांचं फोल्डर, तिन्ही एकाच जागी. एकाच ब्राउझरच्या दोन विंडो दोन डेस्कटॉपवर सुखाने नांदतात, मात्र टॅब न उघडता कंट्रोल-एन दाबून खरीच वेगळी विंडो उघडायला हवी. टॅब कितीही काढले तरी ते एकाच खिडकीचे गज.

राहता राहिली ती कुठल्याच बिऱ्हाडाची नसलेली मंडळी: चॅट, कॅल्क्युलेटर, गाणी. झेरॉक्सवाल्यांचा खिसा यांच्यासाठीच. विंडोज-टॅबच्या दृश्यात चित्रावर राइट-क्लिक केलं की ‘शो धिस विंडो ऑन ऑल डेस्कटॉप्स’ मिळतं. कॅल्क्युलेटरला ते जरूर द्यावं. चॅटला देऊ नये, आणि याबाबतीत आम्ही हट्टी आहोत. जी विंडो टाळायला वेगळी खोली घेतली, तिलाच सगळ्या खोल्यांची किल्ली कशाला द्यायची?

आता बिघाडाकडे. एखादा जड प्रोग्रॅम पहिल्या डेस्कटॉपवर सुरू केला, तो उघडायला वीस सेकंद लावतो म्हणून आपण दुसऱ्यावर सटकलो, की साहेब थेट दुसऱ्यावर प्रकट होतात. चूक त्याची नाही. विंडो जन्मते तेव्हा जो डेस्कटॉप समोर असेल, तेच तिचं गाव ठरतं. उपाय एकच, तो उघडेपर्यंत तिथेच थांबायचं. दुसरा बिघाड नोटिफिकेशनचा. निरोपावर क्लिक केलं की त्या प्रोग्रॅमची विंडो ज्या डेस्कटॉपवर असेल तिथे आपणच खेचले जातो आणि हातातलं काम मागे राहतं. तिसरा टास्कबारचा. मूळ सेटिंग असं की टास्कबारवर आणि ऑल्ट-टॅबमध्ये फक्त समोरच्या डेस्कटॉपच्या विंडो दिसतात. ते ठाऊक नसलेला माणूस ‘माझी फाइल गेली’ म्हणून घाबरतो, तीच पुन्हा उघडायला जातो आणि ‘फाइल वापरात आहे’ असा टोला खातो. सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंग, डेस्कटॉप्स या वाटेने गेलं की टास्कबार आणि ऑल्ट-टॅब दोन्हींचं वेगवेगळं ठरवता येतं. टास्कबारवर सगळं दिसू द्यावं, ऑल्ट-टॅबमध्ये समोरचंच ठेवावं. शोधायला एक वाट उघडी राहते आणि रोजची वाट गर्दीपासून वाचते.

मराठीत टंकणाऱ्यांच्या वाट्याला एक खास छळ येतो. पहिल्या डेस्कटॉपवर देवनागरीत मजकूर चालू असतो. तिथून दुसऱ्यावर जाऊन शीटमध्ये सूत्र लिहायला घ्यावं, तर ‘=SUM’ लिहायचं तिथे भलतीच अक्षरं उमटतात. खोली बदलली तरी कीबोर्ड मराठीच राहिलेला असतो, कारण भाषेची निवड सगळ्या विंडोंना मिळून एकच असते. दर वेळी विंडोज-की आणि स्पेस दाबण्यापेक्षा सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे जाऊन ‘प्रत्येक अॅप विंडोला वेगळी इनपुट पद्धत’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण करावी. मग लेखाची विंडो मराठी बोलते आणि शीट इंग्रजी.

मॅकवाल्यांना वेगळाच भुंगा. तिथे स्पेसेस शेवटच्या वापरानुसार आपोआप जागा बदलतात, आणि ही सोय मुळातच चालू असते. काल दुसरी असलेली खोली आज तिसरी. डेस्कटॉप अँड डॉकच्या सेटिंग्जमध्ये मिशन कंट्रोलखालची ती खूण आधी काढून टाकावी. हाताला वाट पाठ व्हायची तर घराने जागच्या जागी राहायला हवं.

दोन मॉनिटर असतील तर विंडोजवर दोन्ही एकदमच बदलतात. मॅकवर मूळ सेटिंगमध्ये दोन्हींचा संसार वेगळा. नोमवर फक्त मुख्य मॉनिटर बदलतो, दुसरा देवघरातल्या समईसारखा जागेवर.

विंडोज ११ मध्ये डेस्कटॉपला नाव देता येतं आणि प्रत्येकाला वेगळं वॉलपेपरही. नावापेक्षा वॉलपेपर उपयोगी, कारण नाव वाचावं लागतं आणि रंग वाचावा लागत नाही. रिटर्नच्या खोलीला करडा, लिखाणाच्या खोलीला हिरवा. रात्री अपडेट येऊन संगणक रीस्टार्ट होतो तेव्हा सकाळी हे सगळं शाबूत असतं: डेस्कटॉप तितकेच, नावं तीच, रंग तेच. विंडो मात्र बहुतेक गेलेल्या. दारांवर पाट्या लटकताहेत आणि आत बिऱ्हाडच नाही. मग शीट, पोर्टल, फोल्डर, एकेक उघडून सामान पुन्हा लावायला बसायचं.