मागच्या पानांपासून वाचायला लागले तेव्हा

परीक्षक व्हाल का, असं फोनवर विचारलं तेव्हा मी काही विचार न करता हो म्हणून बसले. पुरस्कार कुमार वाचकांसाठीच्या कथेतर पुस्तकांचा होता, म्हणजे चरित्रं, विज्ञान, इतिहास. वयोगट 12 ते 18. आम्ही तिघं परीक्षक: एक निवृत्त विज्ञानशिक्षक, एक संपादक ताई आणि मी. मुदत सहा आठवडे. आठवड्याभरात खोकी आली. पुस्तकं मोजली तर 38 भरली.

सोबत गुणतक्ता होता. माहितीला 40, भाषेला 30, चित्रांना 20, निर्मितीला 10. पहिल्या दहा दिवसांत मी अकरा पुस्तकं वाचली आणि सगळ्यांना 68 ते 75 च्या दरम्यान गुण दिले. एकही वाईट नव्हतं, एकही लक्षात राहिलं नव्हतं. पेपर तपासणाऱ्या थकलेल्या बाईंसारखी माझी गत झाली होती. (एका पुस्तकाची लेखिका माझ्या चांगल्या ओळखीची निघाली. तसं संयोजकांना कळवलं आणि त्या पुस्तकाचे गुण उरलेल्या दोघांवर सोडले. आपोआप एक पुस्तक कमी झालं याचा आनंद झाला, हेही कबूल करते.)

मग इतर लोक हे कसं करतात ते पाहू म्हटलं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेचा 'याल्सा' नावाचा विभाग नेमक्या याच वयोगटाच्या कथेतर पुस्तकांना 2010 पासून पुरस्कार देतो. आधी पाच पुस्तकांची लघुयादी, मग त्यातून एक विजेतं. मी पहिल्याच वर्षाची यादी काढली आणि माझी झोप उडाली. यादीत होती डेबोरा हायलिगमन यांचं 'चार्ल्स अँड एमा', फिलिप हूज यांचं 'क्लॉडेट कॉल्व्हिन', तान्या ली स्टोन यांचं 'ऑलमोस्ट ॲस्ट्रोनॉट्स', शिवाय सर्कसवाल्या बार्नमचं चरित्र आणि जुन्या सांगाड्यांवरून इतिहास वाचणारं 'रिटन इन बोन'. याल्साचा पुरस्कार मिळाला 'चार्ल्स अँड एमा'ला. पण थोडंच आधी, 2009 चं अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड, कुमार साहित्य विभागातलं, गेलं होतं 'क्लॉडेट कॉल्व्हिन'ला, आणि तेव्हा 'चार्ल्स अँड एमा' अंतिम यादीत असूनही मागे राहिलं होतं. 2010 चं सायबर्ट पदक, जे 14 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या माहितीपर पुस्तकांना देतात, ते मिळालं 'ऑलमोस्ट ॲस्ट्रोनॉट्स'ला. एकाच हंगामातली तीन पुस्तकं, तीन परीक्षक मंडळं, तीन वेगळे निकाल. म्हणजे 'सर्वोत्कृष्ट' शोधायचं म्हणून मी जो घाम गाळत होते, तशी काही वस्तू खोक्यात पडलेली नव्हतीच.

यातलं 'चार्ल्स अँड एमा' मिळवून वाचलं. डार्विनचं लग्न हा विषय. सुरुवातच त्याच्या 1838 च्या त्या प्रसिद्ध कागदापासून: एका बाजूला लग्न करण्याचे फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. बायको म्हणजे निदान कुत्र्यापेक्षा तरी बरी सोबत, असं हा गृहस्थ खरंच लिहून गेलाय. पुढे एमा त्याला पत्रात लिहिते की, त्याची श्रद्धा उडाली तर मरणानंतर आपली कायमची ताटातूट होईल, ही भीती तिला वाटते. ते पत्र डार्विनने जन्मभर जपलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं की, ह्या पत्राची मी कितीदा चुंबनं घेतली आणि त्यावर रडलो.

इथे मी थांबले. कारण त्याच दिवशी सकाळी आमच्या खोक्यातल्या एका चरित्रात वाचलं होतं, 'हे ऐकताच त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.' कोणी पाहिलं ते पाणी? कुठल्या पत्रात, कुठल्या रोजनिशीत, कोणाच्या आठवणीत? मी पुस्तकाची शेवटची पानं उलटली. संदर्भ नाहीत, टिपा नाहीत, सूची नाही. प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात मात्र दोन पानं. डार्विनच्या रडण्याला कागद आहे आणि ह्या रडण्याला नाही, एवढाच फरक. पण मग माझ्या हातातल्या पुस्तकाला कथेतर तरी कसं म्हणायचं?

त्या दिवसापासून प्रत्येक पुस्तक मी मागून उघडायला लागले. लेखकाला हे कुठून कळलं ते आधी बघायचं, मग पहिलं पान. 38 पैकी फक्त सात पुस्तकांत नीट संदर्भ होते. काही चरित्रांत तर पानोपानी अवतरणचिन्हांतले संवाद, जणू लेखक माजघरात कान लावून उभा होता. मुलांना गोष्टीरूप आवडतं हे मलाही कळतं. पण 'क्लॉडेट कॉल्व्हिन' वाचलं की दिसतं, गोष्ट करायला खोटं बोलावं लागत नाही. 2 मार्च 1955 ला अमेरिकेतल्या माँटगोमेरीत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणारी ही कृष्णवर्णीय मुलगी 15 वर्षांची होती. रोझा पार्क्स यांच्या अशाच, पुढे जगभर गाजलेल्या नकाराला अजून नऊ महिने होते. हूज यांनी तिला भेटून मुलाखती घेतल्या आणि जिथे तिचा आवाज आहे तिथे तो तिचाच म्हणून छापला, बाकीचं स्वतःच्या आवाजात सांगितलं. जोड कुठे आहे ते वाचणाऱ्या पोरालाही दिसतं.

दरम्यान, दोन पुस्तकं भाचीला दिली. वय 14. शास्त्रज्ञाचं चरित्र तिने तिसऱ्या दिवशी परत केलं. म्हणाली, "मावशी, हा माणूस कधी चुकतच नाही का गं?" दुसरं, जंतूंवरचं पुस्तक, अजून परत आलेलं नाही.

शेवटची बैठक चार तास चालली. माझं आवडतं होतं आकाशनिरीक्षणावरचं एक पुस्तक. भाषा इतकी सुंदर की संपादक ताईंनी एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पान 47 काढा." प्रकाशवर्ष हे खरं तर अंतराचं एकक, पण तिथे ते काळाचं एकक म्हणून समजावलं होतं. चुकून पडलेला एखादा शब्दही नव्हे, त्यावर अख्खा परिच्छेद रचलेला. मी वाचलं होतं ते पान. मागची पानं तपासून झाली होती, संदर्भ चोख होते, म्हणून पुढे डोळे मिटून गेले होते.

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल की," मी म्हटलं.

"बाई, आपण बक्षीस ह्या आवृत्तीला देतोय," सर म्हणाले. "उद्या एखादं पोरगं हे वर्गात सांगेल, आणि पुस्तकावर शिक्का आपला असेल."

ताईंचं मत डळमळलं. मी तासभर लढले, भाषेचे 30 गुण पुन्हा पुन्हा पुढे केले. शेवटी दोन विरुद्ध एक. निवड झाली ती जंतूंवरच्या पुस्तकाची. त्याची भाषा साधी, चित्रं तर जेमतेम. पण त्यात तीन ठिकाणी लेखकाने सरळ लिहिलं होतं की इथे शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि दोन्ही बाजू मांडून पुढचं मुलांवर सोडलं होतं. मी सही केली, जरा फुगूनच.

निकाल लागल्यावर पंधरा दिवसांनी आकाशाच्या पुस्तकाच्या लेखकाचा फोन आला. भांडायला नव्हे. आपलं पुस्तक शेवटच्या दोघांत होतं हे त्यांना कुठून तरी कळलं होतं, आणि कुठे कमी पडलं एवढंच जाणून घ्यायचं होतं. सांगावं की नाही, क्षणभर कळेना. मग म्हटलं, "पान 47."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"तीनदा मुद्रितं तपासली होती हो," ते म्हणाले.

"मीही दोनदा वाचलं होतं," मी म्हटलं.