एकच ऑक्सिजन, दोन टेबलं

पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडताना बहुतेकांना नवी संयुगं बनवायची होती. मोजत बसण्यात कोणाला फारसा रस नव्हता, त्यामुळे ॲनालिटिकल केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत मला सहज जागा मिळाली. काम दोन टेबलांवर वाटलेलं होतं: एकीकडे ऑक्सिजन ओळखणारा दीप्तिमान सेन्सर, दुसरीकडे इंधनघटासाठीचा, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणाऱ्या घटासाठीचा, प्लॅटिनमचा उत्प्रेरक. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं.

आधी सेन्सर. प्लॅटिनम ऑक्टाएथिलपॉर्फिरिन हा रंजक आणि पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये विरघळवायचं, काचेच्या पट्टीवर थेंब सोडायचा, वाळू द्यायचा. झाली फिल्म. 535 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टाकला की ती 645च्या आसपास लाल चमकते. नायट्रोजनमध्ये लखलखीत, हवेत मंद. उत्तेजित झालेल्या रेणूला ऑक्सिजन धडकतो आणि त्याची ऊर्जा घेऊन जातो, मग प्रकाश म्हणून बाहेर पडायला काही उरत नाही. किती मंद झाली यावरून ऑक्सिजन किती, हे काढायचं. स्टर्न आणि फोल्मर यांनी 1919 मध्ये मांडलेलं समीकरण त्यासाठीच आहे: ऑक्सिजन नसतानाची तीव्रता भागिले असतानाची तीव्रता, आणि ऑक्सिजनच्या प्रमाणासमोर या भागाकाराचा आलेख सरळ रेषेत.

पुस्तकात सरळ. माझा आलेख वरच्या टोकाला वाकायचा. मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, “वाकला ते ठीक. का वाकला ते सांग.” पुढचे बरेच आठवडे या एका ‘का’पायी गेले. फिल्ममध्ये रंजकाचे सगळे रेणू सारख्या जागी बसलेले नसतात. काहींपर्यंत ऑक्सिजन सहज पोचतो, काहींपर्यंत मुश्किलीने. दोन प्रकारच्या जागा धरून केलेलं गणित माझ्या बिंदूंवर नीट बसलं. पण ते बसलं म्हणून लगेच खरं मानायचं नव्हतं. दिव्याची तीव्रता हळूहळू बदलत होती का? रंजक प्रकाशाने फिका पडत होता का? त्यासाठी प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर नायट्रोजनमधलं रीडिंग घ्यायचं आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. सिलिकॉनच्या नळीतून हवेतला ऑक्सिजन आत झिरपतो, हेही याच काळात समजलं. नळी बदलल्यावर शून्याजवळचे बिंदू शिस्तीत आले. तीव्रतेऐवजी दीप्तीचा आयुःकाल, म्हणजे प्रकाश बंद केल्यावर चमक किती वेळ टिकते ते, मोजला तर दिव्याची आणि फिकेपणाची बरीच कटकट टळते. त्याचं उपकरण मात्र आमच्या वाट्याला क्वचितच यायचं.

दुसऱ्या टेबलावर मी जास्त सावध झालो, कारण तिथे आकडे फार लवकर सुंदर दिसतात. हायड्रोजन-ऑक्सिजन इंधनघटाचा सैद्धांतिक विभव 1.23 व्होल्ट, पण प्रत्यक्षात मिळतो त्याहून बराच कमी. यातली मोठी गळती कॅथोडवर, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर होते, तिथे ऑक्सिजनचं पाण्यात रूपांतर रेंगाळतं. म्हणून प्लॅटिनम-कार्बनची पूड, पाणी, आयसोप्रोपेनॉल आणि थोडं नॅफिऑन (प्रोटॉन वाहून नेणारं पॉलिमर) मिसळून शाई करायची, फिरत्या काचसदृश कार्बनच्या चकतीवर काही मायक्रोलिटर सोडायची. थर सगळीकडे सारखा वाळला तरच पुढे जायचं, कडेला जाड वर्तुळ पडलं तर पुसून पुन्हा.

काचसामानाची स्वच्छता हा इथला खरा विषय. क्लोराइड प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं, म्हणून सिल्व्हर-क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड टाळला आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड वापरला. भांडी इतकी धुतली की हातांनी तक्रार केली. मग 0.1 मोलर पर्क्लोरिक आम्लात ऑक्सिजन सोडायचा आणि चकती फिरवायची. मला सगळ्यात आवडलेली तपासणी इथली. मर्यादी प्रवाह, म्हणजे चकतीपर्यंत जेवढा ऑक्सिजन पोचतो त्यावर मिळू शकणारा जास्तीत जास्त प्रवाह, फिरण्याच्या वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे मिनिटाला 400 फेऱ्यांवरून 1600 वर गेलं की तो दुप्पट व्हायला हवा. 1600 ला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 6 मिलीॲम्पिअर यावेत. त्याहून बराच जास्त आकडा आला की आनंद नको, चौकशी हवी. उत्प्रेरकाच्या दाव्यांचे आलेख बघताना मी आजही आधी हा आकडा बघतो.

तेव्हा लक्षात आलं की दोन्ही टेबलांवर मी एकच वायू मोजत होतो. एका ठिकाणी नायट्रोजन सोडून त्याला हाकलायचं, दुसरीकडे द्रावण त्याने भरून टाकायचं, आणि दोन्हीकडे नायट्रोजनमधलं रीडिंग पाया म्हणून धरायचं. चालू इंधनघटात कॅथोडच्या वाटेवर ऑक्सिजन कुठे कमी पडतोय हे अशा फिल्मने थेट पाहता येतं, असं काम झालेलं आहे, हे मॅडमनी तेव्हा दाखवलं. मग दोन्ही कामं वेगळी वाटेनात.

पोस्टरच्या दिवशी परीक्षकांनी पहिला प्रश्न या फिल्म घटात वापरण्यावरच टाकला: घट 80 अंशांना चालतो, तुझं कॅलिब्रेशन (चमकेवरून ऑक्सिजन काढायचा आलेख) किती अंशांचं? माझं 25चं होतं. तापमान वाढलं की दीप्ती ऑक्सिजनशिवायही घटते आणि वायूची फिल्ममधली हालचालही बदलते, तेव्हा तो आलेख घटात तसाच वापरता येणार नाही, एवढं मी सांगितलं. प्रयोगशाळेत माझ्यानंतर आलेल्या मुलीने 80 अंशांवरच्या कॅलिब्रेशनपासूनच सुरुवात केली.