तुम्ही विचारलंत म्हणून: होय, कार्टूनवरूनच

लग्नात, बारशाला, एकदा तर रक्षाविसर्जनाला नदीवर, हा प्रश्न मला विचारून झालाय. "तुझं आणि मामेभावाचं खरंच त्या जपानी कार्टूनवरनं फाटलं?" मी होय म्हणतो. विचारणारा डोळे बारीक करतो. "तसं न्हवं रं. खरं काय झालंतं?"

खरं तेच झालंतं. पण आपल्याकडं दोन भाऊ बोलायचे थांबले की त्यामागं जमीन, पैसा नाहीतर पोरगी असायलाच पाहिजे. फुटबॉल चालतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची मॅच झाली की शेजारी शेजारी चार दिवस एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यांना कुणी "खरं काय" विचारत नाही. आमच्यावरच संशय. (आणि ते कार्टून नाही, अ‍ॅनिमे आहे. पण हे सांगायचंही मी आता सोडून दिलंय.)

आमच्या भावकीची थिअरी हक्कसोडीची. 2020 च्या जानेवारीत आईनं मामाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं, त्याचा राग मी काढला म्हणे. सह्या, अंगठे, फोटो झाल्यावर आम्ही सगळे कचेरीबाहेर उसाचा रस प्यालो. मामीनं आईला साडी घेतली. आईला गाडीवरून मीच घेऊन गेलो होतो. राग आलेला माणूस स्वतः पेट्रोल घालून नेतो का?

तर 'अटॅक ऑन टायटन'. अकरावीत असताना, 2013 ला, दादानंच, म्हणजे या मामेभावानंच, मला त्याच्या कॉम्प्युटरवर पहिला भाग दाखवला. हाजिमे इसायामानं मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, 2009 ला सुरू केलेली. ती संपली 139 व्या प्रकरणानं, 9 एप्रिल 2021 च्या शुक्रवारी. त्याच रात्री आठ वाजता राज्यात पहिला वीकेंड लॉकडाऊन लागला. शेवट दोघांनी एकत्र वाचायचा हे आमचं ठरलेलं, म्हणून मी उद्यमनगरातनं, हाताला लेथचं ऑइल तसंच, थेट मंगळवार पेठेत मामाकडं गेलो. आता सोमवारी सकाळी सातपर्यंत बाहेर पडायची सोय नव्हती. हे लक्षात ठेवा.

भांडण कशावर, तेही सांगतो, कारण ते कुणी ऐकूनच घेत नाही. एरेन हा हिरो. बेटाभोवतीच्या भिंतींत झोपलेले महाकाय टायटन तो जागे करतो आणि जगातली 80 टक्के माणसं तुडवून मारतो. का? माझं म्हणणं होतं, दोस्तांसाठी, आर्मिन आणि मिकासासाठी. त्यांनी त्याला मारावं, जगाचे हिरो ठरावं, बेटाकडं जगानं वेगळ्या नजरेनं बघावं. शेवटच्या प्रकरणात तो हे म्हणतोही. पण पुढं आर्मिनला तो सांगतो की हे काही नसतं तरी मी जग सपाट केलंच असतं. का, ते माहीत नाही, करायचं होतं. आणि पहिल्याच भागात त्याच्या आईला खाणारी ती टायटन? तिला तिकडं वळवणाराही तोच. भिंत फोडणारा बेर्टोल्ट त्या दिवशी मरून चालणार नव्हता, म्हणून.

मी खवळलो. शनिवारी रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, मी तासभर बोलत होतो. अकरा वर्षं वाचकाला फिरवून शेवटी "माहीत नाही"? हा आळस आहे. ट्विस्ट आधी पेरलेला पाहिजे. नसेल पेरला तर ऐनवेळी घुसडलाय.

दादा शांत होता. त्याचं शांत असणं मला पहिल्यापासून सोसत नाही. त्यानं मोबाइलवर 131 वं प्रकरण काढलं. एरेन त्या निर्वासित पोराची, रामझीची, रडत माफी मागतो. ज्याला मारणार आहे त्याची, आधीच. भिंतीपलीकडचं जग आर्मिनच्या पुस्तकातल्यासारखं निघालं नाही म्हणून हिरमुसलो, हे तिथंच कबूल करतो. "आणि नऊ वर्षांचा असताना दोन माणसं भोसकलीती त्यानं, मिकासासाठी. तवा तुला लई भारी वाटलंतं. सगळं पेरलंय. तुला कारण पाहिजे म्हणून तुला कारणच दिसतंय."

तो बरोबर होता असं मी आजही म्हणत नाही. पण माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि तोंडातनं निघालं ते हे: "माझ्या आईची सही घेतलीसा, आणि आता मला माणसाच्या मनातलं शिकीवतोस व्हय?"

खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो उठला. चटईच्या कडेवर माझा पाय होता. "पाय उचल," एवढंच म्हणाला. चटईची गुंडाळी काखेत मारून जिना उतरला. मी टाकीजवळ बसून राहिलो. टाकीत पाणी ठिबकत होतं.

रविवारी अख्खा दिवस एकाच घरात. मामीनं पांढरा रस्सा केला होता. वाटी तो मामीकडं द्यायचा, मामी माझ्याकडं. दोघं एकाच बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन उभे राहिलो, तरी शब्द नाही. सोमवारी सात वाजता मी किक मारली. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. दरवर्षी मी मामाकडं जातो, त्या वर्षी गेलो नाही.

म्हणजे जमिनीचंच होतं की, असं तुम्ही आता म्हणणार. थांबा. ते वाक्य त्या रात्रीपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आईशपथ. हरायला लागलो आणि हाताला जो दगड लागला तो मारला. अ‍ॅनिमेवर भांडण झालं नसतं तर ते वाक्य जन्मात निघालं नसतं. म्हणून मी म्हणतो, कार्टूनवरूनच.

फक्त एक आहे. रस पितानाचा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. आई हसतेय, दादाच्या हातात दोन ग्लास आहेत. तो फोटो काढल्यावर मी दादाला सहज विचारलं होतं, "तिकडं गुंठ्याला काय रेट चाललाय?" सहजच. 2021 चा मी असता तर ओरडला असता, हे बघा, इथं पेरलंय! आत्ताच्या मला ते नुसतं बोलणं वाटतं. कुणाचं धरायचं?

त्याच वर्षी, 2021 च्या जुलैत, पूर आला तेव्हा मी फोन केला. राजाराम बंधाऱ्याची पातळी 43 फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या खुणेच्या, वर गेली की आमच्याकडं सगळेच सगळ्यांना फोन करतात. आम्ही फुटांवर बोललो, दुधाच्या टंचाईवर बोललो. माफी राहिली. नोव्हेंबर 2023 ला अ‍ॅनिमेचा शेवट आला, त्यात एरेन आणि आर्मिनचं ते बोलणं बदललेलं. मांगात आर्मिन त्याचे चक्क आभार मानतो. इथं पापात वाटा घेतो, नरकात सोबत असू म्हणतो. मला दादाला सांगायचं होतं, बघ, त्यांनाही चुकलंय असं वाटलं. पण "करायचं होतं" हे त्यांनी ठेवलंच होतं, आणि त्यानं नेमकं तेवढंच धरलं असतं. मी नुसतं "बघितलास?" पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला.

परवा मामीनंही विचारलं, वाढता वाढता. दादा समोरच जेवत होता, मान खाली. "आता तरी सांग, नक्की काय झालंतं तुमच्यात?"

म्हटलं, "मामी, एक पोरगा असतोय, भिंतीच्या आत राहतोय..."

"आधी जेव," मामी म्हणाली.

दादानं वाटी पुढं केली. माझ्याकडं का मामीकडं, मला नीट कळलं नाही.