भयपटाचा पहिला प्रसंग: दार आधी प्रेक्षकाला दिसू द्या

भूत लवकर दाखवायची घाई हा भयपटाच्या सुरुवातीचा सर्वांत मोठा शत्रू. भीती वाट पाहण्यात असते, आणि ती वाट मोजूनमापून लांबवावी लागते.

समजा, बाई रात्री पाणी प्यायला उठली आहे आणि मागचं दार किंचित उघडं आहे. दार प्रेक्षकाला आधी दिसावं, तिला नंतर. शॉट ४ सेकंदांत भागत असेल तर ८-१० सेकंद धरा; ग्लास भरला तरी कट करू नका. फोकस तिच्यावरच ठेवा, दार मागे धूसर. फोकस दारावर नेलात की खेळ संपला, कारण प्रेक्षकाने स्वतः शोधायची गोष्ट तुम्ही बोट दाखवून सांगितलीत.

आवाजाचं काम याहून मोठं. फ्रिजची घरघर, पंखा, रातकिडे असे थर आरंभापासून ठेवा आणि एकेक २-३ सेकंदांत विरू द्या. सगळं एकदम बंद केलं तर युक्ती उघडी पडते. पार्श्वसंगीत शक्यतो नकोच!

अंधारासाठी अंडरएक्स्पोज करू नका, म्हणजे कॅमेऱ्यात कमी उजेड घेऊ नका; सावल्यांत नॉइज (दाणेदार ठिपके) येतो. नीट एक्स्पोज करून ग्रेडिंगमध्ये (शूटिंगनंतर रंग-उजेड ठरवताना) उजेड खाली आणा.

१९७५ च्या ‘जॉज’ या शार्कवरच्या सिनेमात पहिल्या हल्ल्यात शार्क दिसतच नाही, दिसतात ते मुलीच्या शरीराला बसणारे हिसके. तसंच दारही हलताना दाखवू नका. पाणी पिणाऱ्या बाईच्या क्लोजअपनंतर वाइडवर (पूर्ण खोली दिसणाऱ्या शॉटवर) या, तेव्हा फट चार बोटं वाढलेली असावी. दाराच्या दोन्ही जागा जमिनीवर टेपने आखून ठेवा, नाहीतर रीटेकमध्ये फट जुळत नाही.