सांगलीची नोटीस

गाडीची ताकद वाढवून देणं हा माझा धंदा. भोसरी एमआयडीसीत एका शेडमध्ये आम्ही चौघं काम करतो. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलायचं, म्हणजे रीमॅप करायचा, इंटरकूलर आणि ब्रेक बदलायचे, आणि गाडी डायनोच्या रोलरवर चढवून खरी ताकद मोजायची. लोकांना वाटतं, यात इंजिनचं काम अवघड असेल. इंजिन सांगितलेलं ऐकतं. नाही ऐकलं तर का नाही ते लॉगमध्ये, म्हणजे ईसीयूतून काढलेल्या नोंदीत, दिसतं. गिऱ्हाइकाचा लॉग निघत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं आकड्यांवरून होतात. रीलमध्ये कुणीतरी त्याच मॉडेलला 150 हॉर्सपॉवर दाखवलेले असतात आणि आमच्या कागदावर 128 येतात. मग ‘तुमचं मशीन गंडलंय’. कंपनी सांगते ती ताकद इंजिनच्या क्रँकवरची, रोलर मोजतो ती चाकावरची. मधे गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर आपापला वाटा खातात, साधारण दहा-पंधरा टक्के. शिवाय हवा. मे महिन्याच्या दुपारी टर्बोत तापलेली हवा गेली की आकडा खाली येणारच. म्हणून मी आधी आकडा कबूलच करत नाही. कामाआधीचा रन, कामानंतरचा रन, त्याच दिवशी, त्याच रोलरवर, आणि दोन्हींतला फरक, एवढंच छापून देतो. हे ज्याला पटत नाही त्याला चहा पाजून परत पाठवतो. धंदा थोडा बुडतो, डोकं शाबूत राहतं.

मग पेट्रोलवाले. मॅप बनवून घ्यायचा 100 ऑक्टेनचं पेट्रोल धरून, आणि खिशाला झळ लागली की गुपचूप साधं भरायचं. इंजिनमध्ये नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, सुरू झालं की ईसीयू स्वतःच इग्निशन मागे ओढतो, पिकअप जातो, आणि साहेब शेडच्या दारात हजर. लॉग काढला की दोन मिनिटांत कळतं. पण तोंडावर खोटं पाडलं तर तो कायमचा तुटतो. मी फक्त विचारतो, ‘शेवटचं कुठल्या पंपावर भरलंत?’ बहुतेकांना तेवढं पुरतं.

सायलेन्सर मोकळा करा, डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून टाका, असं म्हणणाऱ्यांना सरळ नाही सांगतो. बीएस-6 गाडीतला तो फिल्टर काढला की धूर बाहेर आणि कायदा अंगावर. मोटार वाहन कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली तिच्यात नियमबाह्य बदलासाठी गाडीच्या मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आलं. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोड रोलर फिरवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ‘बाजूचा करून देतो’ म्हणतात. द्या म्हणावं.

हे सगळे आवाज करतात, पण समोर उभे राहून करतात. खरं जड जातं ते अशा गिऱ्हाइकाशी, ज्याला आमचं बोलणं दुसऱ्याच कुणीतरी, स्वतःला सोयीचं तेवढं सांगितलेलं असतं. तसा एक मला सांगलीहून भेटला. हे त्या काकांना विचारून लिहितोय. ‘नाव नको, गाव असू दे,’ म्हणाले.

गाडी दीड लिटरची डिझेल सेडान, मॅन्युअल गिअर, 2017 ची. कंपनीच्या कागदावर 110 पीएस आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क. घेऊन आलेला मुलगा हिंजवडीत आयटीत, बोलायला गोड, सगळं वाचून आलेला. या इंजिनला टॉर्क 320 पर्यंत नेता येतो. पण कामाआधीच्याच रनला, चौथ्या गिअरमध्ये, 2000 आरपीएमच्या आसपास इंजिनचे फेरे उसळले आणि रोलरचा वेग तिथेच राहिला. सेकंदभराचा खेळ. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा क्लच आधीच सुटत होता.

डिझेल रीमॅपमध्ये वाढ नेमकी तिथेच होते, खालच्या आरपीएमला. झिजलेली क्लच प्लेट तो टॉर्क धरू शकत नाही, घसरते, तापते, आणि अजून झिजते. मी म्हटलं, आधी क्लच बदल, मग ये. त्याला महिनाअखेरीला मित्रांबरोबर गोव्याला जायचं होतं. ‘दादा, क्लच मी नंतर बदलतो, तुम्ही कमी ठेवा.’ मी 280 वर थांबवला, जॉब कार्डवर लाल शाईने लिहिलं, ‘क्लच झिजलेला, स्लिप होतोय, बदलण्याचा सल्ला दिला, गिऱ्हाइकाने नाकारला’, त्याखाली त्याची सही घेतली आणि ग्राफची प्रत फाइलला लावली.

पुढे बऱ्याच दिवसांनी रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली. पाठवणारे गृहस्थ मला माहीतच नव्हते. आडनावावरून फाइल शोधली तेव्हा कळलं, गाडी वडिलांच्या नावावर आहे. नोटिशीत लिहिलं होतं की मी मालकाच्या परवानगीशिवाय इंजिनमध्ये छेडछाड केली, त्यामुळे क्लच आणि फ्लायव्हील जळालं. क्लचचा खर्च, रीमॅपचे पैसे, मानसिक त्रासाचे एक लाख. लाल शाईचा उल्लेख कुठेच नाही.

मी मुलाला फोन लावला. उचलला नाही. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या टिका. बस्स.

नोटिशीला माझ्या वकील मॅडमनी उत्तर दिलं, तरी तक्रार दाखल झालीच, सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ‘दुकान पुण्यात, काम पुण्यात, आणि केस सांगलीत कशी?’ मी विचारलं. तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथे तक्रार करता येते. जुन्या, 1986 च्या कायद्यात ही सोय नव्हती. वस्तूसाठी किंवा कामासाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही, आणि वकील न देता स्वतः उभं राहता येतं. ग्राहक म्हणून मला हे फार आवडलं असतं.

आता कागदावर माझं नाव होतं ‘जाबदार’, म्हणजे ज्याच्यावर तक्रार आहे तो. मॅडमनी पहिल्याच दिवशी दटावलं, की लेखी कैफियत, म्हणजे आपली बाजू मांडणारं उत्तर, द्यायला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस, फार तर वर पंधरा. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही; सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ते पक्कं केलंय. माझ्या ओळखीतले दोन-तीन शेडवाले अशा नोटिशी टेबलाच्या खणात टाकून देतात आणि मग एकतर्फी निकाल लागला की बोंबलतात. नोटीस आली त्याच आठवड्यात मी सगळं काढलं: जॉब कार्ड, दोन्ही रनचे ग्राफ, ईसीयूतून आधी वाचून ठेवलेली मूळ फाइल, बिल, आणि त्या पोराचे ‘दादा, मस्त पळतेय’ असे मेसेज. शपथपत्र केलं, जोडलं, मुदतीत दिलं.

एक प्रश्न मात्र मॅडमनाही अडला. सही मुलाची, आरसी वडिलांच्या नावाची. गाडी घेऊन येणारा हा मालकाचा प्रतिनिधी, असं म्हणता येतं. ‘वाद घालता येईल,’ त्या म्हणाल्या. वकील असं म्हणाले की मी समजतो ते समजतो.

खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाक्याला वळून सांगली. एका तारखेला समोरचे वकील आले नाहीत, एकदा कामकाज पुढे गेलं. काका बाकावर लांब बसायचे, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मला बघून मान वळवायचे. मुलगा कधीच नसायचा.

मग आयोगाने विचारलं, मध्यस्थीला जाता का. दोघांनीही लेखी संमती दिली. मी दिली कारण मला प्रत्येक तारखेला शेड बंद ठेवणं परवडत नव्हतं. काकांनी का दिली ते तेव्हा कळलं नाही. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय असतं, म्हणून सगळं सांगत नाही. काकांनी चालेल म्हटलं तेवढंच सांगतो.

मध्यस्थ बाईंनी पहिलाच प्रश्न चांगला विचारला: ‘तुम्हाला दोघांना एकमेकांना काही विचारायचंय का?’ काका म्हणाले, कागद दाखवा. मी ग्राफ पुढे सरकवला आणि समजावून सांगायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. चष्मा काढला, दुसरा घातला. ते साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते, फोरमन होऊन निवृत्त झाले. हे मला तिथे कळलं.

‘ह्या दोन रेषा संगं चालल्यात. आन् हितं फाटल्यात. हे काय?’

‘एक इंजिनचे फेरे, एक रोलरचा वेग. तिथे क्लच सुटतोय, काका.’

‘तुम्ही सॉफ्टवेअर घालायच्या आधी?’

‘आधी. वर तारीख-वेळ छापलीय.’

त्यांनी ती वाचली. मग लाल शाई वाचली. मग सही. पोराची सही बाप लगेच ओळखतो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात मान वर करून म्हणाले, ‘आमच्या मिलला कपलिंग घसराय लागलं तर आम्ही मिल थांबवायचो. ऊस वाढवायचो न्हाई. तुमाला दिसत हुतं, मग केलं कशाला?’

यावर माझं उत्तर तयार होतं, लेखी कैफियतीत तीन परिच्छेद होते. गिऱ्हाईक सज्ञान, सल्ला लेखी, टॉर्क कमी ठेवला. बोललोही. पण त्या खोलीत ते उत्तर कैफियतीतल्यासारखं भक्कम वाटलं नाही. वर काका म्हणाले, ‘आन् आरशीवर नाव कुणाचं हाय?’

पुढचं मग लवकर मिटलं. क्लचचा आणि मानसिक त्रासाचा दावा त्यांनी सोडला. मी रीमॅपचे अर्धे पैसे परत करायचे आणि मूळ सॉफ्टवेअर फुकट घालून द्यायचं ठरलं. तडजोडीची पुरसिस, म्हणजे आयोगाला द्यायचं लेखी निवेदन, लिहिली, दोघांच्या सह्या झाल्या, आयोगाने त्याप्रमाणे तक्रार निकाली काढली. मॅडमच्या मते अर्धे पैसे द्यायची गरज नव्हती. पुण्या-सांगलीच्या डिझेलचा आणि बुडालेल्या कामाचा हिशेब मांडला तर मला ते स्वस्तच पडलं.

गाडी मूळ फाइलवर आणायला काका स्वतः भोसरीला आले. लॅपटॉपच्या बाजूला खुर्ची ओढून बसले, टक्केवारी शंभरवर जाईपर्यंत उठले नाहीत. ‘ह्यात आधीचं जसंच्या तसं येतं?’ येतं म्हटलं. नंतर डायनोवर रन घ्यायला लावला, नवीन क्लचचा. दोन्ही रेषा शेवटपर्यंत एकत्र गेल्या. त्यांनी ती प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर एक ओळ वाढलीय: आरसीवर ज्याचं नाव त्याची सही, आणि तो समोर नसेल तर व्हिडिओ कॉल. याने काही गिऱ्हाइकं जातात. बायकोच्या नावावरची गाडी घेऊन आलेले नवरे तर फॉर्म वाचूनच ‘विचार करून येतो’ म्हणतात.

मागच्या महिन्यात त्या पोराचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं, मग म्हणाला, ‘दादा, आता क्लच नवाच आहे ना. स्टेज वन, तो पहिल्या पायरीचा रीमॅप, परत करता येईल?’ येईल म्हटलं, 320 सुद्धा येईल. फॉर्म व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. टिका निळ्या झाल्यात.