सेलेन ते मोरा: बर्फ नसतानाचे नव्वद किलोमीटर

क्रॉस-कंट्री स्कीइंग करणाऱ्यांचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं. मार्चअखेर शर्यती संपतात, एप्रिलमध्ये शरीर जरा मोकळं सोडायचं आणि मेपासून पुढच्या हिवाळ्याची तयारी. हिवाळाभर आम्ही देशोदेशी फिरतो, पण पाहतो ते फार थोडं. स्टेडियमभोवतीचा काही किलोमीटरचा फेरा, त्यातले चढ, उताराची वळणं, स्कींना मेण लावायची खोली, हॉटेलचं जेवणघर. फिनलंडमधल्या रूकाला हंगाम उघडतो, म्हणून तिथे मी वर्षानुवर्षं जाते आहे. तिथल्या बर्फाखाली गवत आहे की खडक, हे आजही मला सांगता येणार नाही.

म्हणून या उन्हाळ्यात ठरवलं, की येत्या मार्चमध्ये ज्या वाटेवरून धावायचं आहे ती आधी पायी चालायची. वाट स्वीडनमधली, वासालोपेत या स्की शर्यतीची. दालार्ना प्रांतात सेलेनजवळच्या बेर्गा बी या ठिकाणापासून मोरा गावापर्यंत ९० किलोमीटर. शर्यत मार्चच्या पहिल्या रविवारी असते, आणि नेमक्या त्याच सुमारास वर्ल्ड कपच्या शर्यती येत असल्यामुळे मला आजवर ती कधी धावता आली नाही. आता मी लांब अंतराच्या शर्यतींकडे वळले आहे. त्याला कारण माझी लेक. तिच्या जन्मानंतर स्प्रिंटमधला तो तीन मिनिटांचा जीवघेणा वेग परत मिळवण्यापेक्षा तासन्‌तास एका लयीत जाणं शरीराला जास्त मानवतंय, असं सरावात दिसत गेलं. लेक आता सव्वा वर्षाची आहे. प्रवासात ती, मी आणि नवरा असे तिघं होतो.

आधी तोर्सब्यूला थांबलो. सेलेनच्या दक्षिणेला, फ्रीकेन तलावाच्या उत्तर टोकाला हे गाव आहे आणि तिथे २००६ साली उघडलेला १.३ किलोमीटर लांबीचा स्की बोगदा आहे. बाहेर जुलै. लोक तलावात पोहत होते, पोरं उघडी-नागडी काठावर खेळत होती. आम्ही मात्र टोपी, हातमोजे चढवून एका दारातून आत शिरलो, की आत तापमान शून्याखाली आणि पायाखाली खरा बर्फ. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटतो. दिव्यांच्या उजेडात त्याच वाटेनं जायचं, वळायचं, परत यायचं. देखावा नाही, वारा नाही, ऊन नाही. पण मला बोगदा मनापासून आवडतो. बाहेरच्या डोंगरावर एखाद्या दिवशी वेग वाढला तर तो माझा की बर्फाचा, हे कळत नाही. इथे बर्फ रोज तोच, हवा तीच. बदलते ती फक्त मी.

आणि या वर्षी मला नेमकं तेच तपासायचं होतं. बाळंतपणानंतरच्या सरावाबद्दल आमच्यात उघडपणे बोललं जातं ते आत्ता आत्ता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिले काही आठवडे नुसतं चालणं आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. मग सायकल, मग हलकी वजनं. त्यानंतर रोलर स्की, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या चाकांच्या स्की, त्याही सपाट रस्त्यावर. सगळ्यात शेवटी उड्या. उन्हाळ्यात आम्ही काठ्या घेऊन डोंगर चढतो, प्रत्येक पावलाला उसळी घेत. धक्का बसणारा हा व्यायाम महिनोन्‌महिने बंद होता. डबल पोलिंगचं, म्हणजे पाय न मारता दोन्ही काठ्या एकदम रोवून पुढे सरकायचं तंत्र, लोकांना हातांचं काम वाटतं. खरा जोर पोटातून येतो. काठ्या रोवताना धड वरून खाली कोसळतं आणि ते सगळं वजन पोटाचे स्नायू काठ्यांपर्यंत पोचवतात. बाळंतपणात हेच स्नायू ताणलेले, विलग झालेले असतात. माझ्या फिजिओनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दंडात जोर आला म्हणून फसू नकोस, पोट काय म्हणतंय ते विचार."

अशा वेळी सगळे नॉर्वेच्या स्कीपटू मारित ब्योर्गेनचं उदाहरण देतात. तिला डिसेंबर २०१५ मध्ये मुलगा झाला आणि २०१७ च्या लाहती जागतिक स्पर्धेत तिनं चार सुवर्णपदकं जिंकली. मी तिला फार मानते. पण ते उदाहरण 'हे होऊ शकतं' एवढ्यापुरतंच घ्यावं असं माझं मत आहे. त्याचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं, तर एखादी आई स्वतःचं शरीर मोडून घेईल.

बोगद्यात कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट, म्हणजे जोर लावल्यावर रक्तात वाढणारा घटक, मोजलं. गरोदरपणाच्या आधी ज्या वेगाला जे आकडे यायचे, त्याच्या अगदी जवळ. प्रशिक्षक फोनवर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "आता जा, चालून या." गाडीत बसून सेलेनच्या दिशेनं निघालो तेव्हा मी इतकी खूश होते की वाटेतला अर्धा प्रदेश नीट पाहिलाच नाही.

बेर्गा बी म्हणजे एक मोठं माळरान. मार्चमध्ये सकाळी आठला इथून पंधरा हजारांहून जास्त लोक एकाच वेळी सुटतात आणि थोड्याच अंतरावर चढाच्या तोंडाशी त्यांची प्रचंड कोंडी होते. मागच्या गटांतल्या लोकांचा इथे बराच वेळ जातो. जुलैत तिथे गवत होतं आणि आमच्याशिवाय कुणी नव्हतं. लेकीला नवऱ्यानं पाठीवरच्या खुर्चीत बसवलं आणि मी काठ्या हातात घेतल्या. हा पहिला चढ साधारण तीन किलोमीटरचा. तो संपला की थोड्याच अंतरावर अख्ख्या वाटेतला सगळ्यात उंच बिंदू लागतो, समुद्रसपाटीपासून ५२८ मीटर. मी सुरुवातीला चालले, मग हळूच उसळी घेऊन पाहिली. पोट शांत. आणखी घेतल्या. वर पोचेपर्यंत मी काठ्यांवर उड्या मारत होते आणि खालून नवरा ओरडत होता की आपण सहलीला आलोय. बाळंतपणानंतरचा हा माझा पहिला खरा चढ. पदकांच्या यादीत त्याची नोंद होणार नाही, माझ्या वहीत मात्र तारखेसकट आहे.

वर गेल्यावर स्मोगान आणि मग दलदलीचा प्रदेश. हिवाळ्यातल्या फोटोंत इथे नुसतं पांढरं, सपाट मैदान दिसतं. प्रत्यक्षात ही ओली, शेवाळलेली, पाय ठेवला की दबणारी जमीन आहे आणि तिच्यावरून अरुंद फळ्यांच्या वाटा टाकलेल्या आहेत. कापसाच्या बोंडांसारखे पांढरे तुरे असलेलं गवत, मधे मधे काळं पाणी, आणि केशरी क्लाउडबेरी. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानात फिरायचा, बेरी खुडायचा, एखादी रात्र तंबू ठोकायचा हक्क प्रत्येकाला आहे, अर्थात घरांपासून अंतर राखून आणि नासधूस न करता. लेकीनं पहिली क्लाउडबेरी तोंडात घातली आणि तोंड वाकडं केलं. ब्लूबेरी मात्र तिला थांबवेपर्यंत खात होती. डासांचं काय सांगू, संध्याकाळी त्यांच्यामुळे तंबूबाहेर बसणं अशक्य होतं.

मोंग्सबुदार्ना २४ व्या किलोमीटरवर, रीसबेर्ग ३५ व्या. शर्यतीत या जागा म्हणजे खाण्यापिण्याचे थांबे, गरम ब्लूबेरी सूपचे पेले पुढे करणारे स्वयंसेवक. मुळात मात्र ही उन्हाळी गुरांची ठाणी. गावातली गुरं उन्हाळ्यात रानात नेऊन तिथेच दूध-चीज करायचं, अशी इथली जुनी पद्धत होती आणि हे काम प्रामुख्यानं बायका-मुलींचं. फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या रंगानं रंगवलेली लाल लाकडी घरं अजून उभी आहेत. त्यांच्या दारात बसून मी लेकीला पाजलं आणि मनात आलं, या अंगणात अशा किती जणी बसल्या असतील.

शर्यतीची कथा मात्र पुरुषांची. १५२०-२१ च्या हिवाळ्यात गुस्ताव वासा हा स्वीडिश सरदार डेन्मार्कच्या राजापासून पळत होता. मोराच्या लोकांनी आधी त्याला साथ दिली नाही, तो नॉर्वेच्या दिशेनं निघाला. मग स्टॉकहोममधल्या कत्तलीची बातमी पोचली, लोकांचं मन बदललं आणि त्याला परत आणायला त्यांनी दोन उत्तम स्कीपटू धाडले. त्यांनी त्याला सेलेनजवळ गाठलं, असं परंपरा सांगते. १५२३ मध्ये तो स्वीडनचा राजा झाला. या घटनेच्या आठवणीत १९२२ साली पहिली शर्यत झाली. ११९ पुरुष सुटले, एर्न्स्ट आल्म जिंकला. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, मारगित नोर्दिन नावाची व्यायामशिक्षिका उतरली आणि १० तास ९ मिनिटांत मोराला पोचली. १९२४ पासून बायकांना बंदी. ती उठली १९८१ मध्ये.

सत्तावन्न वर्षं. मला हा आकडा चालताना पुन:पुन्हा आठवत होता. नोर्दिननं अंतर झेपतं हे सिद्ध करून दाखवलं होतं, आणि त्यानंतर दार बंद झालं. वर्ल्ड कपमध्येही पुरुष-बायकांची अंतरं समान झाली ती २०२२-२३ च्या हंगामात. मार्च २०२३ मध्ये नॉर्वेतल्या होल्मेनकोलेनला बायका पहिल्यांदा ५० किलोमीटर धावल्या आणि रागनहिल्ड हागा जिंकली. होल्मेनकोलेनच्या स्पर्धा १८९२ पासून चालू आहेत! त्या दिवशी मी टीव्हीसमोर उभी राहून शेवटपर्यंत पाहिलं होतं.

एवर्ट्सबेर्ग अर्ध्याच्या जरा पुढे, ४८ व्या किलोमीटरला. हे गाव एल्वदालेन परगण्यात येतं. तिथली एल्फदाली भाषा आज जेमतेम दोन-तीन हजार लोक बोलतात आणि रूनी ही प्राचीन लिपी या भागात विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. गावाबाहेर ब्लूबेरी खुडणाऱ्या एक आजी भेटल्या. माझ्या काठ्या पाहून त्यांनी ओळखलं आणि विचारलं, "मार्चला येणार?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी ८१ ला होते." एवढंच. जणू परवाची गोष्ट. मी त्यांची बादली बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसले. त्यांना वेळ आठवत नव्हती, थंडी आठवत होती आणि मोराच्या रस्त्यावर उभ्या बायका आठवत होत्या, ज्या प्रत्येक बाई धावकासाठी ओरडत होत्या. मग त्यांनी लेकीच्या ओंजळीत बेरी घातल्या आणि मला कामाचा सल्ला दिला, "रीसबेर्गच्या चढाला हात संपवू नकोस. तिथे सगळ्यांना आपण तगडे आहोत असं वाटतं. एवर्ट्सबेर्गला पोचेपर्यंत फुशारकी उतरते."

पुढचा टप्पा मी रोलर स्कीवर केला, शेजारच्या डांबरी रस्त्यानं. नवरा आणि लेक गाडीतून पुढे ऊक्सबेर्गला. रोलर स्कीला ब्रेक नसतात, त्यामुळे उताराला आधी रस्ता पाहून ठेवावा लागतो आणि काठ्यांची टोकं रोज घासून धारदार ठेवावी लागतात, नाहीतर डांबरावर घसरतात. या भागात वाहनचालकांना आमची सवय आहे. ओलांडताना लांबून जातात, हात करतात. ऊक्सबेर्ग ते ह्योकबेर्ग ते एल्ड्रिस पुन्हा पायी. खरं सांगायचं तर जंगल तिथे एकसारखं आहे, पाइनमागून पाइन, आणि पावसानं आम्हाला चांगलंच झोडपलं.

मोरा सिल्यान तलावाच्या काठावर आहे. चर्चजवळच्या रस्त्यावर शर्यतीची लाकडी कमान बारा महिने उभी असते. तिच्याखालून पर्यटक फोटो काढत जातात. जवळच्या वासालोपेत संग्रहालयात जुन्या स्की, जुने क्रमांक पाहिले. आज बायकांचा विक्रम चार तासांच्या आतला आहे. नोर्दिनच्या काळातल्या त्या जड लाकडी स्की पाहिल्यावर तिचे दहा तास मला कमी वाटले.

आता मुद्दा तयारीचा. या शर्यतीत पुढे धावणारे बहुतेक जण स्कीला पकडीचं मेण, म्हणजे चढावर स्की मागे घसरू नये म्हणून लावतात ते, लावतच नाहीत. घसरण चांगली मिळते, पण मग सगळे चढ फक्त हातांनी आणि पोटानं चढावे लागतात. चालून आल्यावर मला नेमके कुठे किती चढ आहेत ते पायांनी माहीत झालं. सेलेनचा चढ जमेल. रीसबेर्गला आजींचं ऐकेन. डिसेंबरपर्यंत पोट आजच्यासारखं साथ देत राहिलं तर मेणाशिवाय, नाहीतर मेण लावून, आणि त्यात मला कमीपणा वाटणार नाही. प्रशिक्षकांना हे कळवलं. त्यांनी ऑगस्टच्या आराखड्यात डबल पोलिंगचे तास वाढवले आहेत, उड्या आठवड्यातून एकदा, आणि सप्टेंबरात इटलीत लिविन्योला उंचावरचं शिबिर, लेकीसह.