चाळीस पावलांवर पाणी

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा गॅदरिंग, क्रीडास्पर्धा, दहावीचा निरोप समारंभ असं बरंच काही आठवलं. पण हात गेला तो माळ्यावरच्या ट्रंकेकडे. तिच्यात एक शंभर पानी वही आहे. मुखपृष्ठावर माझ्या नववीतल्या अक्षरात ‘गरुड संघ – कॅम्प १९८३’ असं लिहिलेलं. आत तांदळाचे हिशेब, दोरांची लांबी, तंबूच्या मेखांची संख्या आणि एक नकाशा. नकाशात निळ्या पेन्सिलीनं पाणी दाखवलंय आणि शेजारी लिहिलंय : ‘४० पावले’.

वाईत राहणाऱ्यांना धोमचं धरण काही नवं नाही. त्या वर्षी आमच्या स्काउट पथकाचा तीन दिवसांचा कॅम्प जलाशयाच्या काठी, कमळगडाच्या पायथ्याच्या एका गावाजवळ घ्यायचं ठरलं. ‘ठरलं’ म्हणजे आम्ही ठरवलं. स्काउटच्या सरांची पद्धतच तशी होती. सप्टेंबरात त्यांनी चारही संघनायकांना मैदानावरच्या चिंचेखाली बसवलं आणि इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या १९०७ सालच्या पहिल्या स्काउट कॅम्पची हकिगत सांगितली. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं जेमतेम विसेक मुलं नेली होती. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ त्याच्या नायकाच्या हवाली केला. “आपण चोवीस आहोत,” सर म्हणाले. “चार संघ, सहा-सहा मुलं. कॅम्प तुमचा. मी पाहुणा. माझं जेवण मात्र धरा.”

मला ते थट्टेचं वाटलं होतं. पण पुढचे अडीच महिने सरांनी खरोखरच एकही गोष्ट आयती सांगितली नाही.

तारीख कोणती घ्यायची, यावरच दोन मानसभा झाल्या. मानसभा म्हणजे चार संघनायक, एक चटई आणि बाजूला गप्प बसलेले सर. वाघ संघाच्या नायकाला नाताळची सुट्टी हवी होती. सरांनी फक्त विचारलं, “रात्री तंबूबाहेर पडलात तर दिसणार कसं?” आमच्याकडे दोन कंदील आणि एक टॉर्च. मी घरी जाऊन आजोबांचं पंचांग उघडलं. मार्गशीर्षातला शुक्ल पक्ष, पौर्णिमेच्या तीन-चार दिवस आधीचा शुक्रवार ते रविवार : १६, १७ आणि १८ डिसेंबर. म्हणजे मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चांदणं मिळणार. सभेत मी हे सांगितलं तेव्हा सरांनी मान डोलावली, आणि मी आठवडाभर हवेत होतो.

पैशांचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. एसटीचं भाडं, शिधा, सरपण असं सगळं धरून माणशी पंधरा रुपये येत होते. आमच्या संघातला एक मुलगा दोन सभांना आलाच नाही. मी त्याच्या घरी गेलो तर तो म्हणाला, “मला त्या वेळी मामाकडे जायचंय.” त्याचा मामा त्यांच्या शेजारीच राहायचा, हे मला माहीत होतं. पुढच्या मानसभेत मी नाव न घेता एवढंच म्हटलं, की कुणीच घरून पैसे आणायचे नाहीत, सगळे खरी कमाईतून उभे करायचे. क्षणभर शांतता होती. मग हत्ती संघाचा नायक म्हणाला, “मग कॅम्प खऱ्यानं आपला होईल.” या एका ठरावाचा मला आजही अभिमान वाटतो. वहीत तो लाल शाईनं लिहिलेला आहे.

‘खरी कमाई’ हा शब्द आजच्या मुलांना स्टॉल लावून भेळ विकण्यापुरता माहीत असेल. आम्ही दारोदार जाऊन काम मागायचो. दिवाळी सरत आली होती. भारत स्काउट आणि गाईड संस्था १९५० साली ७ नोव्हेंबरला स्थापन झाली, म्हणून सरांनी सुरुवातीला तोच दिवस दिला. गळ्यात स्कार्फ, खिशात कार्ड. कार्डावर काम, रक्कम आणि घरमालकाची सही. मी एका वकिलांच्या घरच्या पितळी भांड्यांचा ढीग चिंचेनं घासला, एका आजींचं दळण गिरणीतून आणलं, मधल्या आळीत विटा वाहिल्या. मामाकडे जाणाऱ्या त्या मुलानं सगळ्यांत जास्त कमावले : एकतीस रुपये. पंधरा त्याचे, उरलेले त्यानं पथकाच्या डब्यात टाकले. डब्याची मोजणी झाली तेव्हा चोवीस मुलांचा खर्च भागून एक नवा दोर घेता आला.

शिध्याचा हिशेब हा या वहीतला माझा सर्वांत आवडता भाग. सत्तावीस माणसं : चोवीस आम्ही, दोन सर, एक शिपाईमामा. पहिल्या दुपारी घरची भाकरी, पुढे चार वेळा रांधायचं. तांदूळ किती? आईला विचारलं तर ती म्हणाली, “चौघांना दोन वाट्या.” वाटीत किती मावतं, ते तिला वजनात सांगता येईना. मग ती वाटीच मी शाळेत नेली आणि विज्ञानाच्या बाईंच्या परवानगीनं प्रयोगशाळेतल्या तराजूवर तांदूळ तोलले. एक वाटी दीडशे ग्रॅम भरली. म्हणजे माणशी पंचाहत्तर. संध्याकाळी मी हे आईला ऐकवलं तर ती हसली. “अरे, गड चढून आलेली पोरं तुम्ही. शंभर धर, नाहीतर दुसऱ्याच्या ताटात बघत बसाल.” सत्तावीस गुणिले चार गुणिले शंभर ग्रॅम : दहा किलो आठशे. आम्ही अकरा किलो घेतले आणि शेवटच्या दिवशी पातेल्यात शीत उरलं नाही. गणिताच्या पेपरात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तंबूंची तपासणी मैदानावर झाली. एका रावटीला उंदरांनी तीन ठिकाणी खाल्लं होतं. मोर संघानं दाभण आणि सुतळीनं ठिगळं लावली. दोराच्या गाठी डोळे मिटून मारता आल्या पाहिजेत, असा दंडक होता. क्लोव्ह हिच, रीफ, बोलाइन. बोलाइनला आम्ही जीवरक्षक गाठ म्हणायचो, कारण ती ताणली तरी आवळत नाही. संडासाचा चर किती खोल, स्वयंपाकघराचे ओला खड्डा आणि कोरडा खड्डा कुठे, वारा कुठून वाहतो, हे सगळं त्या नकाशात आहे.

आणि त्या नकाशावर मी चुकलो.

२ ऑक्टोबरला, रविवारी, आम्ही चौघं नायक सरांबरोबर जागा पाहायला गेलो होतो. जलाशय भरलेला, काठावर हिरवळ, मागे आंब्याची तीन झाडं. मी झाडापासून पाण्यापर्यंत पावलं मोजली : चाळीस. स्वयंपाकघर झाडांजवळ, तंबू वरच्या अंगाला, संडास वाऱ्याच्या खालच्या दिशेला शंभर पावलांवर, पाण्यापासून लांब. सगळा आराखडा त्या चाळीस पावलांवर उभा राहिला. आम्ही काठावर मापं घेत होतो तेव्हा सर गावात गेले होते. परत आल्यावर त्यांनी विचारलं, “गावात कुणाशी बोललात?” आम्ही म्हटलं, “नाही सर, मापं घेत होतो.” ते “बरं” म्हणाले. पुढे एका मानसभेत त्यांनी पुन्हा विचारलं, “डिसेंबरात पाणी कुठं असेल?” मी नकाशावर बोट ठेवलं. ते काही बोलले नाहीत.

१६ डिसेंबरला सकाळच्या एसटीच्या टपावरून सामान उतरवून आम्ही आंब्याच्या झाडांपाशी पोचलो, आणि मला ते ठिकाण ओळखूच येईना. पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण खूप खाली, आणि मधे काळा, भेगाळलेला, पुढे पुढे ओला होत गेलेला गाळ. रब्बीची पाळी सुटली होती. धरणाचं पाणी कालव्यानं शेतांकडे गेलं होतं आणि काठ मागे सरकला होता. मी पावलं मोजायला निघालो. तीनशेच्या पुढे गेल्यावर पाय गुडघ्यापर्यंत रुतला, तिथं मोजणी थांबली.

परत आलो तेव्हा बाकीची तेवीस मुलं सामानावर बसलेली होती. सर एका ट्रंकेवर. माझा गळा दाटून आला होता. सर रागावतील असं वाटलं. ते घड्याळाकडे पाहून म्हणाले, “मानसभा घ्या. पंधरा मिनिटं.”

त्या पंधरा मिनिटांत मी काही सुचवू शकलो नाही, हे खरं लिहितो. वाघ संघाच्या नायकानं सुचवलं, की आधी गावात जाऊन विचारू. आम्ही दोघं गेलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, “पानी हितं ऱ्हातंय व्हय? पाळी सुटली की गेलं खाली. आमच्या खळ्यावर उतरा. हीर हाय शेजारी.” तिचा मुलगा आमच्याबरोबर जागा दाखवायला आला. रिकामं, सारवलेलं खळं, एका बाजूला कडब्याची गंजी, तीस पावलांवर विहीर. नवा नकाशा आम्ही तिथंच मातीत काठीनं काढला. चुली गंजीपासून लांब घेतल्या, कारण ठिणगी उडाली तर गावाचा वर्षाचा चारा जाईल, हे मोर संघाच्या शेतकरी पोराच्या चटकन लक्षात आलं. माझ्या वहीतल्या नकाशात गंजी नव्हतीच. दुपारी दोनपर्यंत चारही तंबू उभे होते.

बाकी कॅम्पबद्दल फार लिहीत नाही, कारण तो जसा कॅम्प असतो तसाच झाला. दुसऱ्या दिवशी कमळगड चढलो. गोरक्षनाथाच्या देवळापाशी दम खाल्ला आणि माथ्यावरच्या गेरूच्या विहिरीत उतरलो. लाल भिंतींवर हात लावला की बोटं रंगायची, आणि आत इतका गारवा होता की घामेजलेल्या अंगावर काटा आला. रात्री शेकोटीला निम्मं गाव येऊन बसलं. आजीनं कळशीभर ताक पाठवलं होतं. गावाच्या उपकाराची फेड म्हणून आम्ही विहिरीभोवतीचा चिखल उपसला, सांडपाण्याला चर काढून दिला आणि दगड बसवले. ते काम कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

निघताना आम्ही चौघं नायक आजीच्या पाया पडायला गेलो. मी म्हटलं, “आजी, तुम्ही जागा दिली नसती तर आमचं अवघड होतं.” ती म्हणाली, “आरं, तुमचं मास्तर दसऱ्याच्या आदीच सांगून गेलं हुतं की. पोरं येत्याल, इचारत्याल, तवा खळं द्या म्हनून. इचारलं न्हाय तर काय बोलू नगा म्हनलं हुतं.”

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. खळं आमच्यासाठीच सारवून ठेवलेलं होतं.

एसटीत सर खिडकीशी बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, “सर, पाणी खाली जाणार, हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुला दोनदा विचारलं मी,” ते म्हणाले. मग माझ्या गाळानं माखलेल्या बुटाकडे पाहून त्यांनी विचारलं, “किती पावलं झाली?”

“तीनशे बारा. पुढे रुतलो.”

त्यांनी शर्टाच्या खिशातून आपली छोटी डायरी काढली, तो आकडा तारखेसह लिहून घेतला आणि डायरी परत खिशात ठेवली.